राल्फ गाडी फोडतो तेव्हा

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. मुलगा व्हिडिओ गेमसाठी सतत हट्ट धरतो. आता त्याला ‘रेक-इट राल्फ’ हा ॲनिमेशनपट बघायचाय. गेमवरचाच सिनेमा दाखवला तर वेड आणखी वाढेल का? आणि धाकटीला त्यातली मारामारी झेपेल का?
– एक आई

उत्तर : ताई, जरूर दाखवा. फक्त मुलांना पडद्यासमोर बसवून दुसऱ्या कामाला लागू नका, त्यांच्याशेजारी बसा.

वेड वाढण्याची भीती मला वाटत नाही. 2012 सालच्या या डिस्नेपटात गेम खेळणारी माणसं फार थोडा वेळ दिसतात. गोष्ट आहे ती गेमच्या आत राहणाऱ्यांची. राल्फचं काम इमारत फोडायची. फेलिक्स ती दुरुस्त करतो आणि पदक मिळवतो. तीस वर्षं हेच चाललंय. रात्री आर्केड (पैसे टाकून व्हिडिओ गेम खेळायचं दुकान) बंद झालं की फेलिक्स त्या इमारतीत आणि राल्फ विटांच्या ढिगाऱ्यावर. गेमच्या तिसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीलाही त्याला बोलावणं नाही. म्हणून तो पदक मिळवायला दुसऱ्या गेममध्ये घुसतो. क्यूबर्ट हे 1982च्या खऱ्याखुऱ्या गेममधलं पात्र इथे बेघर होऊन, एका गेममधून दुसऱ्यात जायच्या स्टेशनात बसलेलं दिसतं, कारण त्याच्या यंत्राची वायर काढून टाकलीय. माझा मुलगा सिनेमा संपल्यावर बराच वेळ त्याच्याबद्दलच विचारत होता. गुणांचा, लेव्हलचा विषय निघालाच नाही.

मारामारी आहे. ‘हीरोज ड्यूटी’ या गेममधला अंधार, बंदुका आणि झुंडीनं येणारे किडे सहा वर्षांच्या मुलीला घाबरवू शकतात. शेवटाकडे खलनायक त्यातल्याच एका किड्याशी एकजीव होतो, ते रूप सगळ्यात भयंकर. तेवढ्यापुरतं तिला जवळ घ्या. रक्त कुठेही नाही. पात्रं एकमेकांना वाट्टेल ती नावं ठेवतात, ती दोन दिवस घरात ऐकू येतील.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रसंग वेगळाच आहे. व्हॅनेलोपी ही छोटी मुलगी ‘शुगर रश’ या शर्यतीच्या गेममधली. तिच्यात ग्लिच म्हणजे प्रोग्रामातला बिघाड आहे, ती मधूनच लुकलुकते, म्हणून तिला शर्यतीत कुणी घेत नाही. ती आणि राल्फ मिळून गाडी बनवतात, राल्फ तिला ती चालवायला शिकवतो. मग त्या गेमचा राजा राल्फला गाठून सांगतो, की ही शर्यतीत लुकलुकली तर लोकांना गेम बिघडलाय असं वाटेल, यंत्र बंद होईल आणि तिला बाहेर पडता येत नसल्यामुळे ती संपेल. राल्फला ते पटतं. तेवढ्यात ती येऊन त्याला स्वतःच्या हातानं केलेलं पदक देते. तरीही तो तिला झाडाला अडकवून ठेवतो आणि तिच्या डोळ्यांदेखत गाडी फोडतो. ती जिवाच्या आकांतानं ‘नको’ म्हणत राहते.

माझी मुलगी इथे ढसाढसा रडली. किड्यांना ती घाबरली नव्हती. मी सिनेमा थांबवला. तिनं विचारलं, “त्यानं तिला आधी का नाही विचारलं?”

मला हा प्रसंग पालकांसाठीच लिहिलाय असं वाटतं. राल्फच्या मनात काडीचंही पाप नाही. मुलीचा जीव वाचावा एवढंच त्याला हवंय. आपणही ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणत मुलांच्या हातातलं काढून घेतो, त्यांच्या वतीनं ठरवून टाकतो आणि त्यांना काय वाटतं ते ऐकायचं राहूनच जातं. या सिनेमात मोठा माणूस परत येतो, लहान मुलीसमोर स्वतःला मूर्ख म्हणतो आणि मोडलेली गाडी फेलिक्सकडून दुरुस्त करून आणतो. आपल्या मुलांना हे दृश्य फार क्वचित बघायला मिळतं, पडद्यावरही आणि घरातही.

तेव्हा तिथे थांबा. मुलाला विचारा, राल्फच्या जागी तू काय केलं असतंस? उत्तर येईपर्यंत गप्प बसा. गेमच्या वेळेचं तुमचं भांडण आहे, ते त्याच संध्याकाळी काढू नका. दुसऱ्या दिवशी किती वेळ खेळायचं हे त्याच्याशी बसून ठरवा, आणि त्याला आधी बोलू द्या.

2018चा दुसरा भाग मात्र लगेच लावू नका. त्यात राल्फच्याच असंख्य प्रतिकृतींचा मिळून एक महाकाय राक्षस होतो. धाकटी थोडी मोठी झाली की बघा.