मक्केच्या आधीचा बर्टन

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

वेष पालटून मक्केला गेलेला इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन तुझ्या डोक्यात बसलाय, हे पत्रावरून कळलं. माझ्याही बसला होता. पण तू गोष्ट १८५३ पासून, म्हणजे मक्केच्या प्रवासापासून सुरू करतोस. जरा अकरा वर्षं मागे चल.

१८४२ साली तो मुंबईत उतरला तेव्हा २१ वर्षांचा होता. मनाई मोडून घोड्यांची शर्यत बघायला गेला म्हणून ऑक्सफर्डमधून हाकललेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत बडोद्याला नेमणूक झाली. छावणीत काम बेताचंच, पण हा मुनशीपुढे, म्हणजे भाषा शिकवणाऱ्या मास्तरापुढे बसून घोकायचा. हिंदुस्तानी, गुजराती, मग आपली मराठी, अशा एकेक परीक्षा देत सुटला.

पुढे सिंधमध्ये कालव्यांच्या मोजणीवर गेला, तिथलं मात्र नीट वाच. फारसी बोलताना आपला हेल परका वाटतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने 'मिर्झा अब्दुल्ला' उभा केला: बुशहरचा व्यापारी, अर्धा इराणी, अर्धा अरब. आता अरबाला फारसी चुकली, इराण्याला सिंधी अडली, तर कोण हटकणार? चुकांना राहायला घरच बांधलं की गड्याने! कापडाचं गाठोडं घेऊन तो घरोघर फिरला, बाजारात दुकान थाटून खजूर, काकवी, तंबाखू विकत बसला आणि गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत राहिला. मक्केच्या प्रवासातही हीच युक्ती. फक्त इराण्याचा पठाण झाला.

त्याची एक गोष्ट मला कधीच पटली नाही. ज्यांच्या ओसरीवर बसून शिकला, त्यांना आपण कोण हे सांगितलं नाही, आणि जमवलेली माहिती कंपनीच्या कामी आली. १८४७ साली आजारपणाच्या रजेवर फत्तेमारीतून, म्हणजे शिडाच्या गलबतातून गोव्याला गेला. त्यावरचं पुस्तक वाचताना तिथल्या माणसांबद्दलचा कुत्सितपणा जागोजाग टोचतो. ऐकणारा कान होता, पण मन साहेबाचंच.

तुला सोंगाची गरज नाही. कच्छच्या सीमेवर जायचंय ना? त्याआधी सहा महिने दर शनिवारी लोकलने उल्हासनगर गाठ. एखाद्या सिंधी कापडवाल्याला सरळ सांग, "काका, भाषा शिकायचीय, गाठोडी उचलायला येऊ का?" ऐकलेले शब्द देवनागरीत टिपून ठेव, आणि दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये.

तुझा,
काका