सशुल्क ईमेलच्या आयफोन ॲपमध्ये फक्त 'साइन इन' का दिसतं? नवं खातं उघडायचं बटण कुठे असतं?

ॲप अर्धवट नाही. ते बटण मुद्दाम ठेवलेलं नसतं. ॲपमध्ये पैसे घ्यायचे तर ॲपलच्या नियमानुसार ते साधारणपणे ॲपलच्याच बिलिंगमधून घ्यावे लागतात आणि त्यातले १५ ते ३० टक्के कमिशनमध्ये जातात.

यावरून मोठा वाद झाला तो जून २०२० मध्ये. 'हे' नावाची ईमेल सेवा नुकतीच आली होती, वर्षाला ९९ डॉलर. ॲपलने पहिली आवृत्ती मंजूर केली आणि लगेच पुढची, नुसत्या दुरुस्त्यांची आवृत्ती अडवली. कारण काय, तर ॲप उतरवून घेतल्यावर खात्याशिवाय ते काहीच करत नाही. नेटफ्लिक्सचंही तसंच होतं, पण त्याला 'रीडर' गटाची, म्हणजे आधीच घेतलेले सिनेमे, पुस्तकं, गाणी दाखवणाऱ्या ॲप्सची, सवलत होती आणि ईमेल त्या गटात बसत नव्हतं. शेवटी 'हे'ने ॲपमध्ये १४ दिवस चालणारा फुकट तात्पुरता पत्ता दिला, तेव्हा मार्ग निघाला. त्याच सप्टेंबरमध्ये नियम बदलला: वेबवरच्या सशुल्क सेवेला जोडलेलं फुकट ॲप चालेल, पण आत विक्री नको आणि 'बाहेर जाऊन घ्या' असं सुचवणंही नको. त्या नियमात ईमेलचा स्पष्ट उल्लेख आहे. तुम्हाला दिसणारा मुका पडदा त्यातूनच आला. पुढे अमेरिकेत एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलवर भरलेल्या खटल्यात ३० एप्रिल २०२५ च्या आदेशानंतर ॲपमध्ये बाहेरच्या पेमेंटची लिंक ठळकपणे दाखवता येऊ लागली.

'हे' बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख जेसन फ्राइड तेव्हाच म्हणत होते की खरा प्रश्न कमिशनचा नाही, कंपनी आणि ग्राहक यांच्या मध्ये तिसरा येऊन बसतो याचा आहे. मला हे शंभर टक्के पटतं. मी एका सबस्क्रिप्शनवाल्या ॲपच्या ग्राहकसेवेत काम केलं आहे. चुकून दोनदा पैसे गेले म्हणून लोक कळवळून लिहायचे आणि व्यवहार स्टोअरमधून झालेला असला की परतावा आमच्या हातात नसायचा. आयफोन सोडून अँड्रॉइड घेतलेल्यांचे हाल तर बघवत नसत: सेवा आमची, वर्गणी मात्र जुन्या फोनच्या खात्यात अडकलेली. ईमेलच्या बाबतीत हे जास्तच बोचतं, कारण बँकेपासून सगळ्या खात्यांची किल्ली त्या पत्त्यात असते. स्टोअरच्या बाजूने एक मान्य करतो, सगळ्या वर्गण्या एका जागी बंद करता येतात ही सोय खरी आहे.

तेव्हा खातं ब्राउझरमधून, त्या सेवेच्या वेबसाइटवर काढा, पैसे तिथेच भरा आणि मग ॲपमध्ये साइन इन करा. आधीच स्टोअरमधून घेतलं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये सबस्क्रिप्शन रद्द करा, भरलेली मुदत संपू द्या आणि पुढचं बिल वेबवर भरा. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.