रेसिपीतलं ‘सोक’ म्हणजे नुसतं ओलं करायचं की भिजत घालायचं?

भिजत घालायचं. नुसतं ओलं करण्याला ‘वेट’ आणि बुडवून लगेच काढण्याला ‘डिप’ म्हणतात. ‘सोक’मध्ये वस्तू पाण्यात पडून राहते आणि पाणी आत मुरतं, त्यामुळे या शब्दापुढे किती वेळ दिलाय ते आधी बघा. ‘सोक ओव्हरनाइट’ म्हणजे रात्री घालून सकाळी उपसायचं, साधारण ८ ते १० तास.

छोले, हरभरे, राजमा यांना एवढा वेळ लागतोच. पाणी दाण्यांच्या तिप्पट घ्या. ते फुगून दुप्पट होतात आणि पाण्याबाहेर राहिलेले शिजताना टणक राहतात. राजम्याचं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळा, मगच पुढे मऊ शिजवा. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या होतात आणि ते नुसतं भिजवून जात नाही. उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवलेलं बरं, नाहीतर सकाळी फेस आणि आंबूस वास. तांदळाला अर्धा तास पुरे.

साबुदाण्यापाशी मात्र हा शब्द फसवतो. ‘सोक’ वाचून पातेलंभर पाणी ओतलंत तर खिचडीचा लगदा ठरलेला. साबुदाणा धुऊन, पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेवून झाकायचा. दाणा दोन बोटांत सहज चुरडला की झालं.

चहाच्या खोक्यावर ‘स्टीप’ लिहिलेलं असतं. तिथे पानं भिजवायची ती अर्क पाण्यात उतरावा म्हणून. काळ्या चहाला ३ ते ५ मिनिटं, त्यापुढे तुरटपणा वाढतो. दही-मसाला लावून ठेवतात ते ‘मॅरिनेट’.

वॉशिंग मशीनवरचं ‘सोक’ बटण कपडे धुण्याआधी साबणाच्या पाण्यात भिजत ठेवतं. रक्ताचा डाग असेल तर पाणी गारच हवं. गरम पाण्यात त्यातली प्रथिनं साकळतात आणि डाग पक्का होतो. लोकर, रेशीम आणि रंग सोडणारे कपडे यात टाकू नका.

वाक्यात पदार्थ आधी, मग ‘इन’: ‘सोक द राइस इन वॉटर’. ‘सोक अप’ म्हणजे शोषून घेणं, जसा भज्यांखालचा कागद तेल टिपतो. पावसात चिंब झालेला माणूस ‘सोक्ड’ किंवा ‘सोकिंग वेट’. आणि ग्रामपंचायतीच्या कागदांत दिसणारा ‘सोक पिट’ म्हणजे आपला शोषखड्डा.