ओहायोचा तक्ता पाहिला, आता थोडं ऐक

अगं,

तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला. अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा, अध्यक्षपदाच्या निवडणुकांचा एवढा जुना डेटा तू स्वतः बसून काढलास हे बघून बरं वाटलं, नाहीतर हल्ली लोक कुठूनतरी नकाशा उचलतात आणि खाली चार ओळी लिहून मोकळे होतात. पण पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात जे लिहिलंयस ना, "ओहायो ज्याच्याकडे, अमेरिका त्याच्याकडे", ते आधी काढ. चुकीचं आहे म्हणून नाही, अर्धवट आहे म्हणून. तुझे सर पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारतील.

तुझा हिशोब बरोबर आहे. 1896 ते 2016 म्हणजे 31 निवडणुका, त्यात ओहायो फक्त दोनदा चुकलं, म्हणजे हरणाऱ्याच्या मागे गेलं, 1944 ला ड्यूईला मत दिलं आणि 1960 ला निक्सनला. आता मला सांग, सुरुवात 1896 पासूनच का केलीस? कारण सगळे तिथूनच करतात. आणि सगळे तिथूनच का करतात, तर 1892 ला ओहायो हॅरिसनकडे गेलं आणि जिंकला क्लीव्हलँड, 1884 ला ब्लेनकडे गेलं आणि तेव्हाही जिंकला क्लीव्हलँडच. थोडं मागे सरकलीस की रेकॉर्डला भोकं पडतात, म्हणून कोणी मागे सरकतच नाही. त्या काळात ओहायो देशाचा आरसाबिरसा काही नव्हतं गं, सरळसरळ रिपब्लिकन बालेकिल्ला होता, 1856 पासून 1908 पर्यंत एकदाही डेमोक्रॅट उमेदवाराला राज्य मिळालं नाही. 1912 ला मिळालं ते सुद्धा टाफ्ट आणि रूझवेल्ट, दोघेही मूळचे रिपब्लिकन, एकमेकांची मतं खात बसले म्हणून, आणि टाफ्ट तर घरचाच, सिनसिनाटीचा माणूस! (1892 ची एक गंमत तळटीपेत टाक हवं तर. तेव्हा इलेक्टरांना, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींना, लोक एकेक करून मत द्यायचे, त्यामुळे ओहायोची 22 मतं हॅरिसनला आणि 1 क्लीव्हलँडला अशी फुटली.)

आता एक सवय लाव. "या राज्याने निकाल ठरवला" असं वाक्य आलं की कॅल्क्युलेटर काढायचा आणि विजेत्याच्या बेरजेतून त्या राज्याची इलेक्टोरल मतं, म्हणजे इलेक्टरांची मतं, वजा करायची. तू लिहिलंयस 1976 ला ओहायोने कार्टरला निवडून दिलं. मार्जिन खरंच थरारक होतं, 41 लाखांवर मतं पडली आणि फरक 11,116 चा, आणि गंमत म्हणजे तिसरा उमेदवार यूजीन मॅकार्थी एकटा सुमारे 58 हजार मतं घेऊन गेला. पण कार्टरची एकूण इलेक्टोरल मतं 297, त्यातून ओहायोची 25 काढ (राज्य जिंकलं म्हणून ती सगळी त्यालाच मिळाली होती), उरली 272. लागतात 270. म्हणजे ओहायो हरला असता तरी तो अध्यक्ष झालाच असता! 1948 चं पण तेच, ट्रूमन इथे फक्त 7,107 मतांनी जिंकला, पण 303 मधून 25 गेले तरी 278 उरतात आणि तेव्हा 266 पुरायचे.

खरी गोष्ट 2004 ची. बुशची 286, ओहायोची 20, उरतात 266, आणि तीच 20 केरीकडे गेली असती तर तो अध्यक्ष. फरक होता सुमारे 1 लाख 18 हजारांचा. ती निवडणूक मी डोळ्यांनी पाहिलीय. मी तेव्हा नागरिक नव्हतो, मत द्यायचा प्रश्नच नव्हता, पण शेजारच्या आजींना गाडीतून मतदान केंद्रावर घेऊन गेलो होतो. कोलंबसला दिवसभर पाऊस, रांग दाराबाहेर, आत मशीन मोजकी, आजी माझ्या हाताला धरून उभ्या, आणि पुढचा एक माणूस घड्याळ बघून कामावर निघून गेला, मत न देताच. तो माणूस कोणाला मत देणार होता काय माहीत, पण 1 लाख 18 हजार हा आकडा दिसला की मला आधी तो आठवतो. आणि 2000 विसरू नकोस. सगळे फ्लोरिडा फ्लोरिडा करतात, पण बुशची एकूण 271 होती, ओहायोची 21 काढली की तोही गेला होता. समोरच्या उमेदवाराच्या, गोरच्या लोकांनी ऑक्टोबरमध्येच इथल्या टीव्ही जाहिराती बंद केल्या आणि तरी साडेतीन टक्क्यांनीच हरले. या प्रकरणाला तू एक ओळ दिलीयस, एक पान दे.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या तक्त्यात 1964 ते 2016 सलग 14 हिरव्या खुणा आणि 2020 ला एक लाल फुली, खाली लिहिलंयस "2020 मध्ये परंपरा तुटली". नाही गं. एक कॉलम वाढव, राज्यातलं मार्जिन आणि देशातलं मार्जिन शेजारी शेजारी मांड. 2012 ला ओबामा देशात साधारण 4 टक्क्यांनी पुढे, ओहायोत 3 नी. ठीक, आरसा चालू आहे. 2016 ला देशभरच्या मतांत क्लिंटन 2 टक्क्यांनी पुढे, आणि ओहायोत ट्रंप 8 नी पुढे. दहा टक्क्यांचा फरक! तरी तुझ्या तक्त्यात तिथे हिरवी खूण, कारण शेवटी ट्रंप जिंकला. आरसा तडकला 2016 लाच, 2020 ला ओहायो ट्रंपकडे गेलं आणि जिंकला बायडन, तेव्हा फक्त सगळ्यांना दिसलं. आणि 2024 ला ट्रंप जिंकला म्हणून परत हिरवी खूण टाकशील, पण देशात दीड टक्का आणि इथे 11, ही काय स्विंग स्टेटची, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणाऱ्या राज्याची लक्षणं आहेत?

ज्याच्या कलावरून देशाचा कल ओळखतात अशा राज्याला बेलवेदर म्हणतात, पण हा शब्द मुळात मेंढपाळांचा, कळपात पुढे चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यात घंटा बांधतात तो. धनगरांचा कळप बघितला असशील तर कळेल, कळप कुठे जाणार हे तो मेंढा ठरवत नाही, मागून हाकणारा ठरवतो.

मग आरसा का तडकला हे शोधायला राज्याच्या आकड्यातून बाहेर पड आणि काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात जा. सगळ्या 88 नकोत, दोन घे. एक महोनिंग, म्हणजे यंगस्टाउन. पोलादाचा पट्टा, युनियनवाले, पक्के डेमोक्रॅट. 19 सप्टेंबर 1977 ला तिथली एक मोठी गिरणी बंद करणार असं जाहीर झालं, सुमारे 5 हजार नोकऱ्या गेल्या, तिथले लोक अजून त्या दिवसाला काळा सोमवार म्हणतात. आपल्याकडे गिरणगावाचं जे झालं ते आठव, तसंच काहीसं. पण बघ, गिरणी गेली 1977 ला आणि काउंटी रिपब्लिकनकडे गेली 2020 ला, 1972 नंतर पहिल्यांदाच. मध्ये 40 वर्षांवर गेली! त्यामुळे "कारखाने गेले म्हणून मतं फिरली" असं एका वाक्यात उरकू नकोस, एवढी वर्षं का थांबली ते विचार. दुसरी हॅमिल्टन, म्हणजे सिनसिनाटी, ती अगदी उलट, जुनी रिपब्लिकन, 1964 नंतर थेट 2008 ला डेमोक्रॅटकडे आली आणि तेव्हापासून तिकडेच आहे. दोन्हींच्या रेषा एकाच ग्राफवर काढ, छान कात्री दिसेल.

1920 चा हार्डिंग विरुद्ध कॉक्सचा परिच्छेद ठेव, दोघंही ओहायोचे आणि दोघंही पेपरचे मालक, वाचायला मजा येते, पण तीन ओळींत आटप.

नवा कॉलम टाकून गुरुवारपर्यंत फाइल पाठव, शुक्रवारी मी प्रवासात आहे. आणि टक्के काढताना तिसऱ्या उमेदवारांची मतं एकूणात धरलीस की नाही तेवढं बघ, 1992 ची तुझी बेरीज मला जरा गडबड वाटतेय, पेरो राहिलाय बहुतेक.

तुझा,
काका