तिसरी ब आणि श्रीखंडाचे डबे

प्रिय नव्या ड्रॉइंगच्या बाई,

(शाळेत आता तुझं हेच नाव. सवय करून घे. मला तीस वर्षांत कोणी आडनावाने हाक मारली नाही.)

रात्रीचा तुझा मेसेज सकाळी वाचला. तिसरी ब मध्ये पाणी सांडलं, दोघांची जुंपली, शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन ‘आवाज जरा...’ म्हणून गेल्या आणि तू स्टाफरूममध्ये जाऊन रडलीस. तुला वाटतंय की मुलं तुला मानत नाहीत. मला तर वाटतं, मुलांना तुझ्याबद्दल अजून काहीच वाटत नाही. त्यांना फक्त पाण्यासाठी फार वेळ थांबावं लागलं.

पस्तीस मिनिटांचा तास. मुलं मधल्या सुट्टीतून घामाघूम होऊन येणार, वह्या निघेपर्यंत सात-आठ मिनिटं जाणार. त्यात तू एकटी बादली घेऊन बाकाबाकाशी पाणी वाटत फिरलीस, तर शेवटच्या रांगेतल्या पोरांनी तोवर काय करायचं? पुढच्याच्या पाठीवर ब्रश फिरवायचा, दुसरं काय! माझ्या वर्गातली निम्मी भांडणं अशी हात रिकामे असतानाच झाली. ‘सर, त्याने माझा काळा घेतला’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही.

म्हणून आधी पाण्याचं बघ. श्रीखंडाचे रिकामे डबे जमव. बसके असतात, ग्लासासारखे कलंडत नाहीत. चौघांत एक डबा, अर्धाच भरलेला, शेजारी जुन्या साडीचं फडकं. वाटायला तू जायचं नाही. ‘सगळ्यात खोडकर पोराला मॉनिटर कर’ असं तुला दहा जण सांगतील. मी केलं होतं. त्या पठ्ठ्याने महिनाभर पाण्याच्या बदल्यात पोरांकडून खोडरबर गोळा केले! तेव्हापासून मी तारखेवर गेलो. आज 14 तारीख, तर हजेरी क्रमांक 14 आणि 44. तक्रारीला जागाच नाही, कॅलेंडरशी कोण भांडणार? आणि शेवटची सात मिनिटं आवरायला ठेवायचीच, चित्र अर्धवट राहिलं तरी चालेल. घंटा झाल्यावर ब्रश धुवायला गेलेला वर्ग देवालाही आवरत नाही.

वर्गात शिरल्यावर ‘शांत बसा’ म्हणून ओरडू नकोस. खडू घे आणि पाठ करून फळ्यावर काहीतरी काढायला लाग, एक शब्दही न बोलता. मी कावळा काढायचो, सावकाश, आणि त्याला तीन पाय काढायचो. दुसऱ्या पायापर्यंत कुजबुज चालू असायची, तिसऱ्याला सगळा वर्ग ओरडायचा, ‘सर, चुकलं!’ मग मी वळायचो. साठ जोडी डोळे माझ्याकडे लागलेले असायचे. मात्र दर आठवड्याला तोच कावळा चालत नाही, पोरं हुशार असतात.

‘झालं, बाई!’ म्हणणाऱ्यांची एक टोळी असते. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, मराठी चारच्या (४) आकड्यासारखे पक्षी. सहा मिनिटांत चित्र तयार आणि उरलेल्या वेळात दंगा. त्यांना ‘अजून रंगव’ म्हणून उपयोग नाही. झोपडीवर बोट ठेव आणि विचार, ‘इथे कोण राहतं? आत्ता कुठे गेलंय?’ एकाने मला सांगितलं, ‘आजी राहते, रेशनच्या रांगेत गेलीय.’ मग तास संपेपर्यंत तो रांगच काढत बसला.

तू एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून आलीस. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र डोक्यात ताजं आहे. ते आठ वर्षांच्या मुलावर लादू नकोस. ‘जमत नाही’ म्हणणारं पोर पाच मिनिटांनी कागदाची विमानं करतं. त्याच्या कागदावर स्वतः रेघ मारून देऊ नकोस, मग ते चित्र त्याचं राहत नाही. वेगळ्या कपट्यावर काढून दाखव आणि कपटा खिशात टाक.

आता एक गोष्ट, जी मी फारशी कोणाला सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा पूर्ण कागद काळा करायचा आणि शेजाऱ्याच्या गणपतीलाही काळ्या मिशा काढायचा. एके दिवशी वैतागून मी त्याचा कागद वर धरला. ‘हे काय काढलंय, कोणी सांगेल का?’ वर्ग हसला. मीही हसलो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तो ‘वही विसरलो’ म्हणायचा आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसायचा. मला वाटलं, सुधारला. मार्चमध्ये वर्ग आवरताना त्याची तेलखडूंची पेटी बाकाखाली सापडली. आत चार तुकडे होते, तीन काळे आणि एक पांढरा. दुसरे रंग त्याच्याकडे नव्हतेच. पुढच्या वर्षी त्यांना दुसरे सर गेले. माझ्याकडून ते दुरुस्त करायचं राहिलं ते राहिलंच.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घातली. स्टाफरूममध्ये चर्चा झाली ती फक्त छडीची. मला तो वर धरलेला कागद आठवत होता. तेव्हा उरलेल्या खडूंच्या तुकड्यांचा एक डबा टेबलावर ठेव, ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावा. आणि ओरडायचंच झालं तर बाकाशी वाकून, त्याला एकट्याला ऐकू जाईल असं.

अजून एक. ‘दंगा केलात तर ड्रॉइंगचा तास बंद’ असं कुणी वर्गशिक्षिका म्हणाल्या, तर वर्गासमोर काही बोलू नकोस, पण नंतर चहा पिताना नक्की सांग की माझा तास शिक्षेत धरू नका. नाहीतर गणिताचा पोर्शन राहिला की तुझाच तास जाणार.

गुरुवारी तिसरी ब चं काय झालं ते कळव. काकूने अकरा डबे धुऊन ठेवलेत. झाकणं मिळणार नाहीत, ती तिला लोणच्यासाठी हवी आहेत.

तुझा,
ड्रॉइंगचा सर