2019 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात न्यूझीलंडवर अन्याय झाला का? चूक पंचांची की नियमाची?

तुम्ही विचारलंय की लॉर्ड्सवर इंग्लंडच्या स्टोक्सच्या त्या ओव्हरथ्रोला (क्षेत्ररक्षकाची फेक भलतीकडे गेल्याने मिळालेल्या धावा) सहाऐवजी पाच धावा दिल्या असत्या तर न्यूझीलंड जगज्जेते झाले असते का. माझ्या मते न्यूझीलंडवर अन्याय झाला, पण तो पंचांनी केला नाही. आमच्या तालुक्यातल्या टेनिस बॉल स्पर्धांत मी बरीच वर्षं स्कोअर लिहिलाय, अधूनमधून पंच म्हणूनही उभा राहिलोय. त्यामुळे पंचांबद्दल मला जरा जास्त माया आहे, हे आधीच सांगतो.

14 जुलै 2019. इंग्लंडला शेवटच्या षटकात 15 हव्या होत्या. न्यूझीलंडच्या बोल्टचे पहिले दोन चेंडू निर्धाव, तिसऱ्यावर षटकार. चौथ्या चेंडूवर दुसरी धाव घेताना स्टोक्सने सूर मारला आणि क्षेत्ररक्षक गप्टिलची फेक त्याच्या बॅटला लागून सीमापार गेली. पंच धर्मसेना आणि इरॅस्मस यांनी आपसात बोलून सहा धावा दिल्या. नियम 19.8 म्हणतो की फेक सुटली त्या क्षणी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असेल तरच चालू धाव मोजायची. रिप्लेत दिसतं की गप्टिलने चेंडू फेकला तेव्हा स्टोक्स आणि त्याचा जोडीदार रशीद यांनी दुसऱ्या धावेत एकमेकांना ओलांडलेलं नव्हतं. म्हणजे पूर्ण झालेली एक अधिक चार, पाचच धावा, आणि पुढच्या चेंडूला समोर स्टोक्स नव्हे, रशीद. दोन चेंडूंत तीनऐवजी चार हव्या. माजी पंच सायमन टॉफेल हेच म्हणाले आणि धर्मसेनांनीही नंतर चूक मान्य केली.

पण मैदानावर उभं राहिलं की कळतं. धाव पूर्ण झाली का, फलंदाज क्रीजमध्ये पोचला का, यष्ट्या उडतात का, हे सगळं बघायचं आणि त्याच वेळी दूरवर सीमारेषेजवळ हातातून चेंडू कधी सुटला तेही टिपायचं. बाद होण्याचा प्रश्न नसल्यामुळे तिसऱ्या पंचाला विचारायची सोयही नव्हती. मी स्वतः कायम 'पळालेल्या अधिक चार' असंच लिहीत आलो होतो, ओलांडण्याची अट मला या सामन्यानंतर कळली.

आणि पाच दिल्या असत्या तरी रशीदने पुढच्याच चेंडूवर चौकार मारला नसता, हे कोण सांगणार?

मला राग आहे तो नंतरच्या निकालाचा. 50 षटकांत दोघांच्या 241. बरोबरी सोडवायला प्रत्येकी एका षटकाची सुपर ओव्हर, त्यातही दोघांच्या 15. मग चौकार-षटकार मोजले : इंग्लंड 26, न्यूझीलंड 17. झाले इंग्लंड विजेते. पंचांकडे विचार करायला काही सेकंद होते. हा नियम मात्र कोणीतरी शांतपणे बसून, स्पर्धेच्या आधी लिहिला होता. त्यांना घाई कसली होती? पळून काढलेली धाव चौकारातल्या धावेपेक्षा हलकी, असं क्रिकेटमध्ये कधीपासून ठरलं?

1987 साली हैदराबादला भारत 6 बाद 212 आणि पाकिस्तान 7 बाद 212 असा बरोबरीचा सामना झाला, तेव्हा कमी गडी गमावले म्हणून भारताला विजयी ठरवलं. तो निकष पटो न पटो, गडी राखणं हा निदान खेळाचा गाभा आहे. तोच लॉर्ड्सवर लावला असता तर? न्यूझीलंडचे 8 गडी बाद झाले होते, इंग्लंडचे सगळे 10. चषक न्यूझीलंडचा!

लॉर्ड्सच्या सामन्यानंतर, 2019 च्याच ऑक्टोबरमध्ये, आयसीसीने (क्रिकेटची जागतिक संघटना) चौकारांचा नियम काढून टाकला. तेव्हा ठरलं की उपांत्य आणि अंतिम सामन्यात एक संघ पुढे जाईपर्यंत सुपर ओव्हर खेळत राहायच्या. योग्यच झालं, पण न्यूझीलंडला त्याचा काय उपयोग?

तरी सगळ्या फटी बुजलेल्या नाहीत. 17 जानेवारी 2024, बेंगळुरू, भारत-अफगाणिस्तान टी-20. दोघांच्या 212, पहिल्या सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या 16. भारताच्या त्या षटकाचा एक चेंडू बाकी असताना रोहित शर्मा जलद पळणाऱ्या रिंकूसाठी स्वतःहून बाहेर गेला आणि दुसऱ्या सुपर ओव्हरमध्ये पुन्हा फलंदाजीला आला. आधीच्या सुपर ओव्हरमध्ये बाद झालेल्याला पुढच्या ओव्हरमध्ये खेळता येत नाही. मग रोहित रिटायर्ड आउट (म्हणजे बाद धरलेला) होता की नुसता रिटायर्ड? मी रोहितचा चाहता आहे आणि भारत जिंकला याचा मला आनंदच आहे. पण फलंदाज मैदान सोडतानाच पंचांनी हे दोन्ही कर्णधारांना मोठ्याने सांगायला हवं, आणि स्कोअररने तिथल्या तिथे तसं लिहायला हवं.