ट्रकचा परवाना कधी मिळेल?

प्रश्न : वय २१. कारचा पक्का परवाना मिळून आठ महिने झाले. अंबडला मालट्रक चालवायचा आहे. आता अर्ज करू का? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चार महिने थांबा. वयाची २० वर्षांची अट तुम्ही पूर्ण करता. पण हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जुना असल्याशिवाय मालट्रकचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. मग ‘सारथी’ या परवान्यांच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करा, डॉक्टरांचा फॉर्म १-ए (वैद्यकीय प्रमाणपत्र) जोडा. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी चाचणी देता येते. तेव्हा मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र) लागतो. नुसता कागद घेऊ नका, प्रत्यक्ष चालवण्याचे १५ तास मागून घ्या. वळणावर मागची चाके आतून कापतात, हे सरावानेच अंगवळणी पडते. तोवर एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचा टेम्पो कारच्या परवान्यावर चालवता येईल.